घाबरट फिशलेग्ज मोठा कसा झाला?



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी बाईंनी सांगितले, की ज्याला जे आवडते त्याची माहिती दुसऱ्याला समजेल अशी लिहा. कोणी बैलावर लिहिले, कोणी मधमाशीवर लिहिले. मी फिशलेग्जवर लिहीत आहे. फिशलेग्ज हा खरा मुलगा नाही. तो एका कार्टून मालिकेतला मुलगा आहे. ती मालिका ड्रॅगनची आहे. फिशलेग्ज गोष्टीचा नायक नाही. तो बाजूचा आहे, म्हणजे नायकाच्या मागे उभा राहणारा. शिवाय तो लय घाबरट आहे. तरी मला सगळ्यांत जास्त तोच आवडतो. का आवडतो ते पुढे सांगते.

माझी मामेबहीण तालुक्याला कॉलेजात शिकते. सुट्टीत ती आली की तिच्या मोबाईलवर आम्ही ही मालिका बघतो. त्यातले बोलणे इंग्रजी असते. ताई मधे मधे थांबवून आम्हाला मराठीत सांगते. म्हणून मला सगळी गोष्ट कळली.

ड्रॅगन म्हणजे काय?

ड्रॅगन हा गोष्टीतला प्राणी आहे. खरोखर तो कुठेच नसतो. त्याचे अंग सरड्यासारखे किंवा मगरीसारखे खवल्यांचे असते. त्याला वटवाघळासारखे पंख असतात. तो तोंडातून आग ओकतो. लहान मुलांनी रात्री घाबरू नये, कारण ड्रॅगन आपल्याकडेही नाही आणि परदेशातही नाही.

ही गोष्ट कुठून आली?

क्रेसिडा कॉवेल नावाच्या एक लेखिका इंग्लंडमध्ये आहेत. त्या लहान असताना सुट्टीत आईवडिलांबरोबर स्कॉटलंडजवळच्या एका छोट्या बेटावर राहायला जात. तिथे दुसरे कोणीच राहत नव्हते. तिथे त्यांना वाटे, की इथे ड्रॅगन राहत असतील. मोठेपणी त्यांनी त्यावर पुस्तके लिहिली. पहिले पुस्तक २००३ साली निघाले. त्याचे नाव ‘हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन’. मराठीत सांगायचे तर ‘आपल्या ड्रॅगनला कसे शिकवावे’.

मग अमेरिकेतल्या ड्रीमवर्क्स कंपनीने त्याच नावाचा कार्टून सिनेमा काढला. तो २०१० साली आला. ख्रिस सँडर्स आणि डीन डिब्लॉइस या दोघांनी मिळून तो केला. पुढे २०१४ साली दुसरा सिनेमा आणि २०१९ साली तिसरा सिनेमा आला. मधल्या काळात मालिका आली. २०१२ साली सुरू झाली तिचे नाव ‘रायडर्स ऑफ बर्क’, म्हणजे बर्कचे स्वार. तिचे २० भाग आहेत. मग २०१३ साली ‘डिफेंडर्स ऑफ बर्क’, म्हणजे बर्कचे रक्षक. तिचेही २० भाग. मग २०१५ ते २०१८ पर्यंत ‘रेस टू द एज’. तिचे ७८ भाग. आता तोंडी बेरीज करा. उत्तर ११८ आले पाहिजे.

पुस्तकातला फिशलेग्ज हाडकुळा आहे आणि त्याला चष्मा आहे. सिनेमात मात्र त्याला चांगला जाडजूड केलाय. अंगाने तो सगळ्या पोरांत मोठा आणि मनाने सगळ्यांत घाबरट. त्यामुळे बघताना आधी हसूच येते.

बर्क गाव आणि तिथली पोरं

बर्क हे समुद्रातले एक बेट आहे. तिथे थंडी फार. तिथले लोक व्हायकिंग आहेत. व्हायकिंग मात्र खरोखर होते. सुमारे हजार वर्षांपूर्वी नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडन या देशांत ते राहत. ते जहाजातून लांब लांब जात. कार्टूनमध्ये त्यांच्या टोपीला शिंगे दाखवली आहेत. पण खरे व्हायकिंग शिंगांची टोपी घालत नव्हते, असे अभ्यास करणारे लोक सांगतात.

बर्क गावावर रात्रीचे ड्रॅगन येत आणि मेंढ्या पळवून नेत. आपल्याकडे बिबट्या गोठ्यात शिरतो तसे. म्हणून गावातल्या सगळ्यांना ड्रॅगन मारायला शिकावे लागे. गावच्या प्रमुखाचे नाव स्टॉइक. त्याचा मुलगा हिकप. हा गोष्टीचा नायक. हिकपला टूथलेस नावाचा काळा ड्रॅगन सापडतो. तो त्याला मारत नाही. त्याच्याशी मैत्री करतो. नंतर सगळ्या गावाचीच ड्रॅगनांशी मैत्री होते. ही झाली मुख्य गोष्ट.

हिकपबरोबर शिकणारी आणखी पाच मुले आहेत. ॲस्ट्रिड ही शूर मुलगी. स्नॉटलाऊट हा फुशारक्या मारणारा. रफनट आणि टफनट ही जुळी भावंडे, दोघेही खोडकर. आणि पाचवा आपला फिशलेग्ज.

तुम्ही म्हणाल, ही कसली नावे? हिकप म्हणजे उचकी. फिशलेग्ज म्हणजे माशाचे पाय. माशाला कुठे पाय असतात! पण तिथले लोक मुद्दामच वाईट नाव ठेवतात. वाईट नाव ऐकून भूतखेत पळून जाते, असे त्यांना वाटते. माझी आजी म्हणाली, आपल्याकडेही पूर्वी मूल जगावे म्हणून दगडू, धोंडू अशी नावे ठेवत. म्हणजे विचार सारखाच झाला.

फिशलेग्ज घाबरट कसा होता?

पहिल्या सिनेमात मुलांची ड्रॅगनशी लढायची शाळा भरते. गोल रिंगण असते, त्याच्या कडेने पिंजरे असतात. पिंजऱ्यात पकडलेले ड्रॅगन. शिकवणाऱ्याचे नाव गॉबर. गॉबर एकेका ड्रॅगनचे नाव सांगतो, तोच फिशलेग्ज त्याची माहिती धडाधड म्हणून दाखवतो. याच्या वेगाला इतके गुण, याच्या चिलखताला इतके गुण. आपल्या प्रगतिपुस्तकात असतात तसे. शेवटी गॉबर वैतागतो आणि ओरडतो. तरी ग्रॉन्कल नावाच्या ड्रॅगनची पाळी येते तेव्हा फिशलेग्ज हिकपच्या कानात हळूच सांगतोच, की याच्या जबड्याला आठ गुण.

एवढी माहिती आहे, पण पिंजरा उघडल्यावर काय होते? तोच ग्रॉन्कल बाहेर येतो. गॉबर विचारतो, ग्रॉन्कल किती वेळा आग टाकू शकतो? स्नॉटलाऊट चुकीचे उत्तर देतो. फिशलेग्ज बरोबर सांगतो, सहा वेळा. गॉबर म्हणतो, बरोबर, म्हणजे तुम्हा प्रत्येकाला एक. फिशलेग्ज आपल्या आईवडिलांचे काहीतरी सांगायला लागतो, तेवढ्यात आग येऊन त्याची ढालच उडते! तो बाद होतो आणि ओरडत पळतो.

मी या ठिकाणी खूप हसले. पण नंतर विचार केला. पूर्ण वर्गात बरोबर उत्तर कोणाला आले? त्यालाच आले. आणि त्याच धड्यात गॉबरने आणखी एक गोष्ट शिकवली होती. ढालीवर जोरात ठोकून आवाज केला, की ड्रॅगन गोंधळतो आणि त्याचा नेम चुकतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम आहे.

दुसऱ्या एका दिवशी दोन डोक्यांचा ड्रॅगन सोडतात. त्याचे नाव झिपलबॅक. त्याचे एक डोके गॅस सोडते आणि दुसरे डोके ठिणगी टाकून तो गॅस पेटवते. म्हणून मुलांच्या हातात पाण्याच्या बादल्या दिल्या होत्या. ठिणगीवाल्या डोक्यावर पाणी टाकले की काम फत्ते. फिशलेग्ज हिकपबरोबर उभा होता. त्याने पाणी टाकले, पण गॅसवाल्या डोक्यावर. ड्रॅगनने त्याच्यावर गॅसचा लोट सोडला आणि हा पुन्हा धूम पळाला.

मला वाटते याला माहिती कमी नव्हती. भीतीने त्याची माहितीच त्या वेळी पळून गेली. आपले तसे होत नाही का? घरी तेराचा पाढा घडाघडा येतो. साहेब वर्गात आले आणि उभे केले, की तेरा सत्ते अडतो. पाढा येत नाही असे नाही. भीती मधे येऊन उभी राहते.

सात वेळा वाचलेले पुस्तक

व्हायकिंगांकडे ड्रॅगनांच्या माहितीचे एक जाड पुस्तक असते. गॉबर सांगतो, सर्वांनी हे वाचा. बाकीच्या पोरांना वाचायचा कंटाळा. त्यांना वाटते लढायचे सोडून वाचायचे कशाला. पण फिशलेग्जने ते पुस्तक सात वेळा वाचलेले असते! तो आनंदाने सांगायला लागतो, की एक पाण्यातला ड्रॅगन आहे, तो उकळते पाणी तोंडावर मारतो. कोणी नीट ऐकत नाही. तो एकटाच राहतो.

मला वाटते, घाबरणारा माणूस नीट बघतो. ज्याला भीती वाटते तो आधी माहिती काढतो, ओढ्याला पाणी किती आहे, कुत्रे बांधलेले आहे का सुटे आहे. जो घाबरत नाही तो सरळ जातो. कधी पार होतो, कधी पडतो. फिशलेग्ज घाबरत होता म्हणूनच त्याने इतके वाचले असेल.

मोठ्या लढाईत काय झाले?

पहिल्या सिनेमाच्या शेवटी एक डोंगराएवढा ड्रॅगन बाहेर येतो. त्याच्या भीतीने बाकीचे ड्रॅगन गावातून मेंढ्या चोरत असत. गावातली मोठी माणसे त्याच्यापुढे काही करू शकत नाहीत. तेव्हा ही मुले पिंजऱ्यातल्या ड्रॅगनांवर बसून उडत येतात. फिशलेग्ज कशावर बसतो सांगा बघू? त्याच ग्रॉन्कलवर! ज्याने ढाल उडवली होती त्याच्याच पाठीवर.

हिकप फिशलेग्जला विचारतो, हा ड्रॅगन कसा आहे ते सांग. हा ड्रॅगन पुस्तकात नव्हता. तरी फिशलेग्ज उडता उडता बघून सांगतो. त्याचे डोके आणि शेपूट फार कठीण आहे, तिकडे जाऊ नका. डोळे बारीक आहेत, नाकपुड्या मोठ्या आहेत. म्हणजे तो नजरेवर नाही, कानावर आणि वासावर चालतो.

मग हिकप ठरवतो, की स्नॉटलाऊट आणि फिशलेग्ज यांनी त्याला दिसणार नाही अशा जागी राहून आवाज करायचा. दोघे ढाली ठोकतात. तो राक्षस गोंधळतो. वर मी ध्यानात ठेवायला सांगितले होते ते हेच. वर्गात शिकलेला धडा इथे कामाला आला.

पण गंमत अशी, की त्या आवाजाने त्यांचे स्वतःचे ड्रॅगनही गोंधळतात. फिशलेग्जचा ग्रॉन्कल खाली पडायला लागतो. पडता पडता तो आपला हातोडा स्नॉटलाऊटकडे फेकतो आणि त्याला म्हणतो, आता तू कर. स्वतः धाडकन आपटतो. आपण ठीक आहोत असे सांगतो, तेवढ्यात ग्रॉन्कल त्याच्या अंगावरच कलंडतो!

म्हणजे तो एकदम मोठा वीर झाला असे नाही. तो पडलाच. पण पहिल्या दिवशी तो पळाला होता आणि आज तो आपले काम करून पडला. या दोन्हींत फरक आहे.

मीटलगची मैत्री

त्या ग्रॉन्कलचे नाव मीटलग. ग्रॉन्कल दिसायला सुंदर नसतो. अंग गोल दगडासारखे, पंख चिमुकले. तो भुंग्यासारखा गुरगुरत उडतो. तो दगड खातो, पोटात ते वितळतात आणि त्यांचा लालभडक रस तो ओकतो. सगळ्यांचे ड्रॅगन झटपट, मीटलग हळू. आपल्याकडे शर्यतीच्या बैलांत एखादी गरीब म्हैस उभी केली तशी ती दिसते. पण फिशलेग्जला ती फार प्रिय. तो तिला मिठी मारतो, तिच्याशी लाडाने बोलतो. ती त्याचे पाय चाटते.

२०११ साली एक छोटा सिनेमा आला होता. त्यात गावाच्या सणाच्या वेळी सगळे ड्रॅगन अचानक उडून जातात. सगळी मुले रडवेली होतात. फिशलेग्ज मात्र मजेत असतो. का? कारण त्याने मीटलगला साखळीने बांधून लपवून ठेवलेले असते. ती जाईल या भीतीने! खरे म्हणजे ड्रॅगन अंडी घालायला आणि उबवायला दूरच्या बेटावर गेलेले असतात. त्यांची अंडी फुटताना स्फोट होतो, म्हणून ते गावात अंडी घालत नाहीत. मीटलगलाही अंडी घालायची असतात. फिशलेग्जला तर ती मादी आहे हेसुद्धा तोवर माहीत नसते. आणि पुस्तक सात वेळा वाचले होते बरे का!

इथे फिशलेग्जची भीती दुसऱ्या प्रकारची आहे. आगीची भीती नाही, आवडते माणूस जाईल ही भीती. अशा भीतीने आपण दुसऱ्याला बांधून ठेवतो. त्याला वाटत होते मी प्रेम करतो. प्रेम होतेच, पण साखळीचे टोक मीटलगच्या पायात होते. हा प्रसंग विसरू नका. लेखाच्या शेवटी मी परत इथे येणार आहे.

मालिकेत तो काय काय शिकला?

मालिकेत मुले ड्रॅगनांची शाळा काढतात आणि नवीन नवीन ड्रॅगन शोधतात. फिशलेग्ज पुस्तकातली माहिती सांगतो, तशी स्वतः बघूनही माहिती गोळा करतो.

एका भागात त्याला चकचकीत सुंदर दगड सापडतात. त्याला वाटते हे नशीब उजळणारे दगड आहेत. तो ते गावात वाटतो. सगळे त्याला चांगले म्हणतात, त्यामुळे तो खूश होतो. नंतर कळते, की ते दगड नाहीत, चेंजविंग नावाच्या ड्रॅगनांची अंडी आहेत. चेंजविंग सरड्यासारखा रंग बदलतो, त्यामुळे तो भिंतीला चिकटला तरी दिसत नाही. अंड्यांसाठी चेंजविंग गावात येतात. मग ती अंडी गोळा करून परत न्यावी लागतात. मला हा भाग आवडला. कारण पिल्ले आईकडे जाणे हे कौतुकापेक्षा मोठे आहे.

आणखी एका भागात मीटलग वेगवेगळे दगड खाते आणि तिच्या पोटातून एक धातू निघतो. तो वजनाला हलका आणि तरी फार मजबूत. त्याला ग्रॉन्कलचे लोखंड म्हणतात. पण कोणकोणते दगड खाल्ले हे आठवत नाही! परत करून बघताना वेगळाच दगड पोटात जातो आणि मीटलगचे लोहचुंबक होते. भांडी, हत्यारे सगळी तिला येऊन चिकटतात. इथे मी पोट धरून हसले. पण बघा, जी सगळ्यांत हळू, जिला लोक कामाची समजत नव्हते, तिच्याच पोटातून सगळ्यांत चांगले लोखंड निघाले. हिकपची ढाल याच लोखंडाची आहे.

खोटा शूर फिशलेग्ज

२०१५ सालच्या ‘रेस टू द एज’मध्ये एक भाग आहे. त्यात फिशलेग्जवर संमोहन होते. संमोहन म्हणजे लक्ष एकाच गोष्टीवर खिळवून मनात दुसरेच काही भरवणे. त्यामुळे तो स्वतःला थॉर बोनक्रशर समजायला लागतो. म्हणजे हाडे मोडणारा थॉर. त्याचा आवाज बदलतो, तो छाती काढून चालतो. घाबरायचे तर नावच नाही.

तुम्हाला वाटेल, चला, झाले काम! घाबरट मुलगा शूर झाला, गोष्ट संपली. पण मालिका करणाऱ्यांनी त्याला तसे ठेवले नाही. तो परत फिशलेग्ज होतो. मी ताईला विचारले, असे का केले? ताई म्हणाली, तूच विचार कर. मी विचार केला. थॉर शूर होता कारण त्याला भीती माहीतच नव्हती. ज्याला भीतीच वाटत नाही त्याने धाडस केले यात विशेष काय? फिशलेग्जचे पाय लटपटतात आणि तरी तो जातो. ते अवघड आहे. शिवाय थॉर हा फिशलेग्ज नव्हता. मोठे व्हायला दुसरा माणूस व्हावे लागत नाही. आंब्याचे झाड मोठे झाले तरी ते आंब्याचेच राहते, त्याचा वड होत नाही.

साखळी आणि खोगीर

आता शेवटची गोष्ट. २०१९ सालच्या तिसऱ्या सिनेमात मीटलगचे एक छोटे पिल्लू आहे. फिशलेग्ज ते लहान बाळासारखे बरोबर घेऊन फिरतो. पण शिकारी लोक ड्रॅगनांच्या मागे लागतात. बर्कमध्ये राहिले तर ड्रॅगन वाचणार नाहीत, हे हिकपला कळते. समुद्राच्या पलीकडे ड्रॅगनांचे एक लपलेले जग असते. तिथे माणसांपासून दूर ते सुखाने राहू शकतात. म्हणून सगळे जण आपापल्या ड्रॅगनच्या पाठीवरचे खोगीर काढतात आणि त्यांना सोडून देतात. फिशलेग्जही मीटलगला सोडतो.

मी वर साखळीचा प्रसंग सांगितला होता तो आठवा. २०११ साली त्याने तिला चार दिवसांसाठीसुद्धा जाऊ दिले नव्हते. २०१९ साली कायमचे जाऊ दिले. माझ्या मते फिशलेग्ज इथे खरा मोठा झाला. मोठ्या लढाईत झाला त्यापेक्षाही जास्त. त्याने आगीला तोंड दिले तेव्हा त्याच्याबरोबर सगळे होते. पण आपल्या हाताने खोगीर काढायचे काम प्रत्येकाला एकट्यानेच करावे लागले.

आमच्या घरी वासरू विकले तेव्हा गाय दोन दिवस हंबरत होती. मीही जेवले नाही. त्यामुळे हा भाग बघताना माझ्या डोळ्यांत पाणी आले. धाकटा भाऊ म्हणाला, कार्टून बघून कोण रडतं का? पण त्याचेही नाक ओले होते.

२०२५ साली हीच पहिली गोष्ट खऱ्या माणसांना घेऊन पुन्हा सिनेमात केली. त्यात ज्युलियन डेनिसन नावाच्या न्यूझीलंडच्या नटाने फिशलेग्जचे काम केले आहे. कार्टूनमध्ये फिशलेग्जचा आवाज क्रिस्टोफर मिंट्झ-प्लास यांनी काढला आहे.

मग तो मोठा कसा झाला?

मी सगळे एकत्र करून सांगते. फिशलेग्जची भीती गेली नाही. ती शेवटपर्यंत होतीच. पण तीन गोष्टी झाल्या.

पहिली गोष्ट, त्याला जे येत होते त्याचे काम मिळाले. आधी तो माहिती सांगायचा तेव्हा त्याला गप्प बसवत. हिकपने लढाईच्या वेळी त्यालाच विचारले. कोणीतरी विचारले की माणूस सांगतो.

दुसरी गोष्ट, त्याला मीटलग मिळाली. आपल्यापेक्षा दुसऱ्याची काळजी जास्त वाटली, की आपली भीती थोडी मागे सरकते. कोंबडी एरवी कुत्र्याला बघून पळते. पण पिल्ले बरोबर असली तर तीच कुत्र्याच्या अंगावर धावून जाते. ती कोंबडी तीच, भीतीही तीच.

तिसरी गोष्ट, त्याला वेळ मिळाला. २०१० पासून २०१९ पर्यंत, सिनेमात आणि ११८ भागांत तो हळूहळू बदलला. एका दिवसात कोणी शूर होत नाही. संमोहनाने झाला तो टिकला नाही.

आता आपल्या वर्गाचे बोलू

आपल्या शाळेत एक मुलगा आहे. त्याचे नाव मी लिहिणार नाही. तो कबड्डीत चढाईला जात नाही. परिपाठाला गोष्ट सांगायची पाळी आली की त्याचे पोट दुखते. सगळे त्याला घाबरट म्हणून चिडवतात. पण शाळेमागच्या लिंबावर कोणत्या पक्ष्याचे घरटे आहे, अंडी किती आहेत, पिल्ले कधी बाहेर आली, हे फक्त त्याला माहीत असते. कारण तो मधल्या सुट्टीत एकटाच तिथे उभा असतो. मी एकदा विचारले, तेव्हा तो इतका बोलला, इतका बोलला, की घंटा झालेली कळली नाही.

माझे सर्वांना सांगणे आहे. पुढच्या महिन्याच्या भित्तिपत्रकात पक्ष्यांचे पान त्याला द्यावे. त्याला भाषण करायला लावू नये, नुसते लिहायला सांगावे. बघा तो किती छान लिहितो ते.

आणि पालकांनो, राग मानू नका. पाहुणे आल्यावर तुम्ही म्हणता, आमचं पोरगं लई भित्रं आहे. पोरगं दाराआडून ते ऐकते. मग त्याला वाटते, मी भित्राच आहे, आता काय करायचे. त्यापेक्षा त्याला एक प्रश्न विचारा, तुला कशाची माहिती आहे ते आम्हाला सांग. त्याच्याकडे कदाचित सात वेळा वाचलेले एखादे पुस्तक असेल.

घाबरणे हा गुन्हा नाही. मलासुद्धा विहिरीत वाकून बघायची भीती वाटते आणि रात्री लाईट गेल्यावर तर फारच. भीती वाटली तरी कामाचे तेवढे करावे, एवढे मला फिशलेग्जवरून कळले.

वाचून झाल्यावर वहीत उत्तरे लिहा

१) ग्रॉन्कल किती वेळा आग टाकू शकतो?
२) ढालीवर ठोकल्याने काय होते? ते पुढे कुठे कामाला आले?
३) फिशलेग्जने मीटलगला साखळीने का बांधले?
४) थॉर बोनक्रशर आणि फिशलेग्ज यांच्यात खरा शूर कोण? कारण लिहा.
५) आपल्या वर्गात असे कोण आहे, ज्याला आपण कधी काही विचारले नाही? हे उत्तर वहीत लिहू नका. त्याच्याकडे जाऊन विचारा.

– इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी